पाळीवरची बाई

परवा सकाळी बस नागभीडचं रेल्वे फाटक ओलांडून धानाच्या बांध्यांमध्ये शिरली आणि खिडकीतून कापल्या धानाचा वास आत आला. हा वास नेमका कसा असतो ते मला कधी सांगता आलं नाही. थोडा ओल्या तणसाच्या काड्यांचा, थोडा वाळत आलेल्या चिखलाचा, थोडा विळ्याच्या लोखंडाचा. लवकर येणारा हलका धान कापून झाला आहे, उशिराचा भारी धान अजून उभा आहे. कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "मॅडम, औंदा नाटक बसवून राह्यल्या का नाई? माही भाची इचारत होती." मी हसून "पाहू" म्हटलं. दोन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे. सरळ नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही, आणि हो म्हणायचीही नव्हती.

आमच्या झाडीपट्टीत धान घरी आला की नाटकांचे दिवस सुरू होतात. गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, भोंग्याची गाडी रस्त्यानं ओरडत जाते, आणि गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून एखादं पोरगं खर्जातल्या आवाजात "कोण आहे रे तिकडे" म्हणतं. बाकी महाराष्ट्रातल्या शिक्षकांना मुलांकडून संवाद पाठ करून घ्यावे लागत असतील. आमच्याकडे मुलांना गप्प करावं लागतं. मी नागभीडला राहते, पंचवीस वर्षं झाली नोकरीला, आणि चौथी-पाचवीच्या मुलांना इतिहास शिकवताना नाटकाचा आधार घेते, त्यामागे माझी काही मोठी विचारसरणी नाही. धान कापणीच्या दिवसांत अर्धा वर्ग घरी बसतो. आई कापणीला गेली की लहान भावंडं कोणी सांभाळायची. नाटक असलं तर पोरं भावंडांना कडेवर घेऊन का होईना, पण शाळेत येतात.

तीन हंगामांपूर्वीचं ते वर्ष. मध्ययुगातल्या गावाबद्दल शिकवत होते. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपल्या गावात कोण राहत होतं, असं मी विचारलं. एकानं सांगितलं, "वाघ." दुसरा म्हणाला, "तो तं आताबी राह्यते." खोटं नव्हतं. त्या वर्षी तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे मातीच्या बांधापलीकडे, एक वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती आणि चार वाजायच्या आत शाळा सोडावी लागत होती. मग मी त्यांना खिडकीतून तलाव दाखवला. म्हटलं, हा आपोआप झालेला नाही, हा माणसांनी बांधला. गोंड राजांच्या काळात म्हणे राजानं सांगितलं होतं, जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. वर्ग खिडकीशी गोळा झाला. रोज ज्या पाण्यात म्हशी धुतात ते कोणीतरी डोक्यावर माती वाहून अडवलेलं आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. तिथंच ठरलं, नाटक तलावाचं करायचं.

तालमी व्हरांड्यात व्हायच्या. राजा कमरेवर हात ठेवून यायचा आणि आल्या आल्या पेटीवाल्याला खूण करायचा. पेटीवाला नव्हताच. मध्ययुगात गॉगल नव्हता हे त्याला पटवण्यात माझे दोन दिवस गेले. तलाव म्हणून एका मुलाच्या वडिलांनी निळी ताडपत्री दिली होती, धानाच्या पुंजण्यावर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, झाकायची. पाळीच्या पोटातून पाणी सोडायची जी वाट असते तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुम म्हणून प्लास्टिकच्या नळीचा तुकडा होता. एके दिवशी ढग आले आणि त्या मुलाचे वडील सायकलवर येऊन ताडपत्री घेऊन गेले. मुख्याध्यापक सरांनी विचारलं, "आज तालीम नाही का?" मी सांगितलं, "तलाव पुंजण्यावर गेला आहे, सर." ते दिवस आठवले की असं हसू आधी येतं. मग बाकीचं आठवतं.

कामं वाटताना मी फार विचार केला नव्हता. ज्याच्या घरी जे सामान, त्याला ते काम. ढिवराच्या मुलाला मासे धरणाऱ्याचं काम, कारण जाळं त्याच्या घरी होतं. सुताराच्या मुलाला वाकस आणायला सांगितलं आणि सुतार केलं. कुंभाराची पोर मडकी घेऊन आली. पाटलाच्या घरून भरजरी शाल यायची होती, म्हणून त्यांच्याकडचा मुलगा राजा. शाळेत खर्चाला काही नव्हतं, सामान फुकटात जमत होतं, आणि मी स्वतःवर खूश होते. आपण काय केलं आहे ते मला दिसलंच नाही.

एक गोष्ट मात्र दिसली होती. एका रविवारी घरी बसून मी गावातल्या माणसांची यादी लिहीत होते. राजा, दिवाण, तलाव बांधणारे कोहळी, ढिवर, सुतार, लोहार, कुंभार. शेवटी मी लिहिलं, 'पाळीवर उभी असलेली बाई'. तेवढं लिहून पेन थांबलं. ही बाई कोण ते मला माहीत होतं. तलाव सगळ्यांनी खणला, माती तिनंही वाहिली, पण पाणी भरल्यावर तिला खाली उतरायची परवानगी नव्हती. घडा घेऊन ती पाळीवर उभी राहायची. कोणाला वाटलं तर तो घड्याला न शिवता वरून पाणी टाकायचा. ही बाई पुस्तकातल्या धड्यात नाही. ती आमच्या घरातली आहे. आमचं घर छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं. माझे बाबा तेव्हा लहान होते, आणि त्यांच्या आईबद्दल मी अर्धवट काहीतरी ऐकलं होतं.

वर्गात एकोणीस मुलं होती, त्यात चार आमच्या समाजाची. त्यांच्यातल्या कोणाला हे काम दिलं असतं तर मी दुष्ट ठरले असते. दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर त्यांचे आईबाप शाळेत आले असते. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एवढंच की मी घाबरले. गावातली माणसं मला चहा देतात, हळदीकुंकवाला बोलावतात, आणि आडनाव माहीत असूनही त्याचा विषय काढत नाहीत. तो विषय मीच कशाला काढू, असं मला वाटलं. मी ती ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं, गावातले सगळे लोक तलावावर येतात आणि ओंजळीनं पाणी पितात.

तालमीत स्नेहल नावाची मुलगी होती, आमच्याच समाजाची, हुशार. तिला मी माती वाहणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं. एके दिवशी पाण्याच्या माठाजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "मॅडम, आमच्या मोहल्ल्याचे लोकं कोन्तं काम करत होते तवा?" मी म्हटलं, "सगळीच." ती म्हणाली, "सगळी म्हनजे राजाचंबी?" मी तिला म्हटलं, "आधी तुझे संवाद पाठ कर." तिला एकही संवाद नव्हता. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग जाऊन रांगेत उभी राहिली. पंचवीस वर्षांत मुलांना मी पुष्कळ चुकीची उत्तरं दिली असतील. याच एका उत्तराची मला लाज वाटते.

बाबा नाटक पाहायला आले होते. रेल्वेत गँगमन होते, नॅरोगेजच्या छोट्या लाईनवर सारा जन्म गेला. नाटकाचं वेड भारी, पण स्वतः कधी उभे राहिले नाहीत. तरुणपणी गावच्या नाटकात त्यांना काम देऊ केलं होतं, दवंडी पिटणाऱ्याचं, जे काम पूर्वी आमच्याच समाजावर असायचं. कोणीतरी हसत म्हणालं, तुला शिकवावं लागणार नाही. बाबा तिथून उठून आले ते परत गेले नाहीत. त्या दिवशी पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. अंगणात बायका पोरं घेऊन आल्या होत्या, कापणीवरून तशाच, पदराला तणस चिकटलेलं. राजानं जमीन दिली, पाळ बांधली गेली, तुडुम उघडलं. मग एकोणीसच्या एकोणीस पोरं त्या निळ्या ताडपत्रीभोवती ओणवी झाली आणि सुर्र सुर्र आवाज करत खोटं पाणी प्यायली. एकानं तर तोंडही पुसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

परतीच्या बसची वाट पाहत आम्ही दोघं फाट्यावर बसलो होतो. समोरच्या बांधीत कापून पसरलेल्या कडपांवर बगळे उतरले होते. बाबा म्हणाले, "चांगलं झालं नाटक." थोड्या वेळानं म्हणाले, "पन असं नव्हतं."

मी बस दिसते का म्हणून रस्त्याकडे पाहिलं.

"आमची माय पाळीवर उभी राहे," ते म्हणाले. "उन्हाळ्यात आमचा झिरा आटे, तवा आमच्या गावच्या तलावावर जा लागे. खाली उतराची सोय नव्हती. घडा घेऊन उभी राहे. मी तिचा पदर धरून. पानी टाकनारी बाई आली का माय मान फिरवून घे, आन् घडा पुढं करे."

"किती वेळ उभं राहावं लागायचं?"

"कोनी येईस्तोवर." बाबांनी बगळ्यांकडे पाहिलं. "मी बगळे मोजत बसो."

मग त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं ना? मंग काऊन नाई टाकलं?"

"मुलं लहान आहेत, बाबा."

"मीबी लहानच होतो," ते म्हणाले.

राग नव्हता त्यांच्या आवाजात. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी काही उत्तर तरी दिलं असतं. बस लांबून दिसायला लागली तसे ते काठी टेकवून उठले आणि म्हणाले, "ढिवराचं पोरगं ढिवर केलं तू, सुताराचं सुतार. शाळेत तरी बदलवाचं होतं." आणि बसमध्ये जागा मिळाल्यावर, माझ्या हातावर हात ठेवून, "पन सगळे पोरं एकाच पान्यात हात घालून राह्यले होते, ते पाहून बरं वाटलं. त्या बाईले पुढच्या वर्षी टाकजो. मी येईन पाहाले."

पुढच्या वर्षी पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा विचारलं होतं, "नाटक कधी आहे?" मी म्हटलं, "धान निघाल्यावर." त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि मान हलवली, पुरतील अशा अर्थानं की पुरणार नाहीत अशा, ते मला अजून कळलेलं नाही.

धान निघाला. मी नाटक बसवलं नाही. सगळ्यांना वाटलं, मॅडमचे वडील गेले, मन नसेल. मीही तसंच वाटू दिलं. दुःख होतंच, पण त्याच्या आड मी भीती झाकली होती. बाबा नसल्यावर मला त्या बाईची आठवण करून देणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचं मला हलकंही वाटलं होतं. आज हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो. स्नेहल पाचवी होऊन ब्रह्मपुरीला मामाकडे शिकायला गेली. जाताना पाया पडायला आली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नाही.

पुस्तकात मध्ययुग एका पानावर संपतं. खाली प्रश्न असतात, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. मुलं जोड्या लावतात, मी बरोबरच्या खुणा करते, आणि पुढचा धडा सुरू होतो. आमच्या घरात तो धडा बाबा पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत चालू होता. तो मला फाट्यावर बसून कळला, आणि सांगणारा माणूस वर्षभरात गेला. एकट्या माझ्यापाशी उरलेली ही गोष्ट मी सांगितली नाही तर ती माझ्याबरोबर संपेल. कापणीच्या वासानं दरवर्षी छातीत जे दुखतं ते हेच असावं.

परवा कंडक्टरला "पाहू" म्हटलं आणि वर्गात गेल्यावर फळ्यावर यादी लिहिली. शेवटची ओळही लिहिली. मुलांना सगळं सांगितलं, ती बाई कोण, ती का उभी, आणि ती माझ्या वडिलांची आई होती हेही.  वर्ग इतका शांत होता की बाहेर मळणीयंत्र चालू असल्याचं मला तेव्हा कळलं. मग मी चिठ्ठ्या केल्या. या वेळी ज्याला जी चिठ्ठी निघेल, त्याला ते काम. या वर्गातला ढिवराचा मुलगा राजा झाला. जाळं निघालं एका अशा मुलाला की तो स्वतःच त्यात अडकतो. पाळीवरची बाई निघाली गौरीला, म्हणजे पाटलाच्या नातीला. हा तलाव एकेकाळी त्यांच्या घराण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी गौरीचे आजोबा शाळेत आले. पंचाहत्तरीचे, धोतर, हातात छत्री. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी सगळी वाक्यं मनात जुळवून ठेवली. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "मॅडम, पोरीले दुसरं काम द्या."

"चिठ्ठी निघाली आहे, भाऊ. बाकीच्यांना काय सांगू?"

"तुम्ही खोटं दाखवून राह्यल्या असं मी म्हनत नाई," ते म्हणाले. "माह्या आजीनं टाकलं आहे पानी. वरून. मी पाह्यलं आहे. पोरगी काल घरी येऊन इचारे, आबाजी, आपन कोन्त्या बाजूनं होतो?" ते छत्रीच्या मुठीकडे पाहत होते. "काय सांगू तिले?"

जुळवून ठेवलेलं एकही वाक्य माझ्या कामाचं नव्हतं. मी म्हटलं, "मलाही एका मुलीनं असंच विचारलं होतं. मी नाही सांगितलं." त्यांनी छत्री उचलली. उठून गेले, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

आज सकाळी गौरी आली तेव्हा तिच्या हातात मातीचा घडा होता, कापडात गुंडाळलेला. घरून स्टीलची कळशी आण, असं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "आबाजी म्हनले, स्टीलची नसे तवा."

दुपारनंतर तालीम सुरू केली. व्हरांड्याची वरची पायरी म्हणजे पाळ, खाली अंगणात निळी ताडपत्री, या वेळीही एका मुलाच्या घरून आणलेली. गौरीला पायरीवर उभं केलं. सांगितलं, तुला संवाद नाही, कोणी पाणी टाकेपर्यंत हलायचं नाही. तुडुम उघडलं, पोरं तलावाशी वाकली, आणि तेवढ्यात वारा फिरला. ढग आले. ताडपत्रीवाल्या मुलाची आई धावत आली, पुंजणं उघडं पडलं होतं. तिनं एक टोक धरलं, पोरांनी बाकीची धरली, आणि राजापासून ढिवरापर्यंत सगळा मध्ययुगीन गाव तलाव उचलून शेताकडे पळाला. पाणी टाकायचं काम असलेली मुलगीही त्यांच्यामागं गेली. फाटकापर्यंत त्यांचा आरडाओरडा ऐकू आला, मग तोही थांबला. वर्गांची दारं वाऱ्यानं आपटत होती, ती लावून मी परत आले.

गौरी पायरीवर तशीच उभी होती. घडा दोन्ही हातांनी पुढे धरलेला, मान एका बाजूला फिरवलेली. मान फिरवायची हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या घरातून कोणीतरी सांगितलं असणार. हात भरून आले असावेत, घडा थोडा खाली आला होता.

"मॅडम," ती मान न वळवता म्हणाली, "किती वेळ उभं राहाचं?"

उत्तर मला माहीत होतं. बाबांनीच ते फाट्यावर दिलं होतं. नऊ वर्षांची पोर होती ती. मी आत गेले, माठातून तांब्या भरून आणला, आणि पायरीवर तिच्या शेजारी उभं राहून घड्यात पाणी ओतलं. वरून नाही ओतता आलं. हात घड्याच्या काठाला टेकवून ओतलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी रडते आहे हे पाहून तीही रडायला लागली. आम्ही दोघी घडा धरून तशाच उभ्या राहिलो.

नाटक शनिवारी आहे. पहिल्या रांगेत एक खुर्ची मी मांडणार आहे, तिच्यावर कोणाला बसू देणार नाही. आज तालमीला बाबा त्या खुर्चीवर असते तर त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला असता, परत लावला असता, आणि म्हणाले असते, असं नव्हतं.